जुना अपराइट पियानो कार्यक्रमाला चालेल का? ओळख आणि तपासणी

जुना अपराइट, म्हणजे उभ्या तारांचा पियानो, समोर आला की बहुतेक जण चार पट्ट्या दाबतात, बेसूर आवाज ऐकतात आणि नाद सोडून देतात. काही जण उलट करतात, चकाकणारं लाकूड आणि पितळी मेणबत्तीदाण्या पाहून होकार देतात. दोन्ही चुकतात. काही वर्षं सूर लावला नाही तर कोणताही पियानो उतरतो, त्यात त्याचा दोष नाही. विचारायचं ते एवढंच की सूर लावला तर तो टिकेल का. त्याचं उत्तर पियानो उघडल्याशिवाय मिळत नाही.

घरच्या सरावाचा पियानो आणि कार्यक्रमाचा पियानो यांच्या कसोट्या वेगळ्या. सरावात एखादी पट्टी रेंगाळली तरी निभावतं. मंचावर चार गोष्टी लागतातच: सूर ४४०वर (मधल्या 'ए'च्या ४४० हर्ट्झ या प्रमाण सुरावर) यावा आणि शेवटपर्यंत राहावा, प्रत्येक पट्टी वेगात पुन्हा पुन्हा बोलावी, हलक्या आणि जोरकस हातातला फरक ऐकू यावा, आणि पट्टी सोडताच आवाज थांबावा. खालची तपासणी या चार गोष्टींसाठी आहे. तिचा क्रमही मुद्दाम ठरवलेला आहे: जे दुरुस्त होत नाही किंवा दुरुस्त करणं परवडत नाही ते आधी पाहायचं, म्हणजे पियानो बाद व्हायचाच असेल तर अर्ध्या तासात होतो.

सोबत टॉर्च, मोजपट्टी, छोटा आरसा, सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) दाखवणारं ट्यूनर ॲप, मेट्रोनोम, पेचकस, जाड कागदाचा तुकडा आणि वही घ्या. खोलीत शांतता हवी. पंखासुद्धा बंद करा.

आधी ओळख पटवा

जमिनीपासून झाकणाच्या वरच्या कडेपर्यंत उंची मोजा. साधारण १०० सेंटिमीटरपर्यंतचा असेल तर तो स्पिनेट, ११०च्या आगेमागे कन्सोल, ११५ ते १२० स्टुडिओ, आणि १२२च्या पुढे पूर्ण उंचीचा अपराइट. उंचीला महत्त्व अशासाठी की तिच्यावर खर्जाच्या तारांची लांबी आणि साउंडबोर्डचं, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पाठीच्या लाकडी फळीचं, क्षेत्रफळ अवलंबून असतं. आखूड तारेतून खोल सूर काढायचा तर ती जाड करावी लागते, आणि जाड तारेचा सूर गढूळ येतो. स्पिनेटची आणखी एक अडचण आहे. त्याची ॲक्शन, म्हणजे हातोड्यांची सगळी यंत्रणा, पट्ट्यांच्या पातळीखाली बसवलेली असते आणि पट्टी तिला दांड्यांनी वर ओढते. १९४०-५०च्या काळातल्या अनेक स्पिनेटमध्ये या दांड्यांचे सांधे सुरुवातीच्या प्लास्टिकचे आहेत. ते आता बिस्किटासारखे तुटतात. कार्यक्रमासाठी स्पिनेट घेऊ नका.

पट्ट्यांवरच्या झाकणावरलं नाव बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. पूर्वी विक्रेते तयार पियानोवर स्वतःचं नाव घालून विकत. तारा ताणून धरणाऱ्या बिडाच्या चौकटीत ओतलेलं नाव जास्त भरवशाचं. ॲक्शनच्या लाकडी पट्टीवर श्वांडर किंवा रेनर असा शिक्का दिसला तर तो ॲक्शन बनवणाऱ्याचा आहे, पियानो बनवणाऱ्याचा नव्हे. ही गल्लत नेहमी होते. तशीच दुसरी गल्लत वर्षाची. 'स्थापना १८५३' हे कंपनीचं जन्मवर्ष असतं, पियानोचं नाही. बेखश्टाइन, ब्ल्यूथनर आणि स्टाइनवे अँड सन्स या तिन्ही कंपन्या त्याच वर्षी सुरू झाल्या, म्हणून १८५३ हा आकडा अनेक पियानोंवर दिसतो.

पियानोचं खरं वय अनुक्रमांकावरून कळतं. तो चौकटीच्या वरच्या भागात, खुंट्यांजवळ, झाकणाच्या आतल्या बाजूला, पाठीमागे किंवा सर्वांत डावीकडच्या पट्टीच्या लाकडावर छापलेला असतो. चौकटीत ओतलेला एखादा सुटा आकडा साच्याचा असू शकतो, त्याला अनुक्रमांक समजू नका. प्रसिद्ध कंपन्यांचे अनुक्रमांक आणि वर्षं यांच्या याद्या उपलब्ध आहेत. यादीत नाव सापडलं नाही तर झाकणाच्या आतली पदकांची चित्रं पाहा. फिलाडेल्फिया १८७६, पॅरिस १८७८, पॅरिस १८८९, शिकागो १८९३, पॅरिस १९०० अशी प्रदर्शनांची नावं तिथे असतात. त्यातलं सगळ्यात अलीकडचं वर्ष धरा. पियानो त्याआधीचा असूच शकत नाही.

पट्ट्या मोजून ठेवा. ८८ असतील तर सगळ्यात वरची पट्टी 'सी', ८५ असतील तर 'ए'. ८५ पट्ट्यांवर बहुतेक संगीत वाजतं, पण कार्यक्रमातल्या रचना एकदा पडताळून घ्या.

पांढऱ्या पट्ट्यांवर काळ्या पट्टीच्या टोकाशी बारीक आडवा सांधा आणि लाकडासारखे रेषांचे तरंग दिसले तर ते बहुधा हस्तिदंत आहे. वाजवायला छानच, पण असा पियानो देशाबाहेर न्यायचा असेल तर कागदपत्रांचा अडथळा येतो. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी आहे.

उघडणं

वरचं झाकण मागे टाका. समोरच्या फळीच्या आत दोन्ही टोकांना फिरणारी बटणं किंवा खिट्ट्या असतात. त्या सोडवून फळी स्वतःकडे झुकवा आणि उचला. ती जड असते, एकट्याने ओढू नका. खालच्या फळीसाठी पट्ट्यांच्या तळाखाली हात घाला. तिथे एक स्प्रिंगची पट्टी असते, ती वर दाबली की फळी पुढे येते. पियानो भिंतीपासून हातभर दूर घ्या. कुठलाही भाग काढण्यापूर्वी फोनने फोटो घ्या.

उघडताच वास घ्या. कुबट वास आला तर ओल लागलेली असते. पट्ट्यांखाली कागदाचे तुकडे आणि उग्र वास असेल तर उंदरांनी घर केलेलं आहे, आणि त्यांच्या मुत्राने पट्ट्यांच्या पिना गंजलेल्या असतात. पाठीच्या खांबांना दीड-दोन मिलिमीटरची भोकं आणि त्याखाली ताजा पिवळसर भुसा दिसला तर लाकडाला कीड लागलेली आहे. भोकं जुनी, कडा मळलेल्या आणि भुसा नाही, तर कीड मरून गेलेली असू शकते. खाली पांढरा कागद आठवडाभर पसरून ठेवा आणि भुसा पडतो का पाहा.

चौकट, तारा आणि डॅम्पर

खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या गेलेल्या दिसल्या तर मांडणी तिरपी, सगळ्या समांतर उभ्या असतील तर सरळ. तिरप्या मांडणीत तार लांब मिळते. बिडाची चौकट वर खुंट्यांपर्यंत पोहोचते का पाहा. ती खुंट्यांच्या खालीच संपत असेल तर तारांचा ताण खुंट्या रुतलेल्या लाकडी ठोकळ्याला जास्त सोसावा लागतो. एकूण ताण साधारण १८ टन असतो.

मग हातोड्यांच्या पुढे धातूच्या बारीक गजांचा पिंजरा दिसतो का ते पाहा. तो असेल तर डॅम्पर, म्हणजे पट्टी सोडताच तार दाबून आवाज थांबवणारे फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) तुकडे, हातोड्यांच्या वर आहेत. अशी रचना जुन्या पियानोंत भरपूर सापडते. या डॅम्परना तारेच्या टोकाजवळ दाबावं लागतं, त्यामुळे आवाज पुरता थांबत नाही. मागे हळवा गुंजारव राहतो, त्यात वेगातला खर्ज विरून जातो. डॅम्पर हातोड्यांच्या खाली असणं हीच कार्यक्रमासाठी योग्य रचना. पिंजरा, सरळ तारा आणि अपुरी चौकट या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर इथेच थांबा. तो पियानो घरात मन रमवायला ठीक आहे.

सूर मोजा, पण कानाने एवढंच ठरवा की तो कसा उतरलाय

मधल्या सप्तकातला 'ए' वाजवा आणि ॲपवर पाहा. १९३९ साली लंडनच्या परिषदेत हा सूर ४४० हर्ट्झ ठरला. त्याआधी १८५९ साली फ्रान्सने ४३५ ठरवला होता. दोहोंत जेमतेम २० सेंटचा फरक आहे, म्हणून ४३५साठी घडवलेला, धडधाकट पियानो ४४०ला सहज येतो.

ॲपवरच्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा? वजा २० सेंटपर्यंत असेल तर साधी सूरजुळणी पुरते. २० ते ५०मध्ये आधी सगळ्या तारा ढोबळ चढवून मग बारीक जुळणी करावी लागते. वजा १०० म्हणजे अर्धा स्वर खाली, ४१५च्या आसपास. इथून वर येताना प्रत्येक तारेचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो आणि संपूर्ण चौकटीवर दीड-दोन टनांची भर पडते. गंजलेल्या तारा तुटू शकतात आणि कमजोर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) फाटू शकते. तारा चांगल्या असतील तरच हे धाडस करावं, तेही दोन-तीन टप्प्यांत.

आता सगळ्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे एकेक वाजवा. सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच उतरलेला पियानो नुसता दुर्लक्षित आहे, त्याची काळजी नको. पण शेजारच्या दोन पट्ट्या ठीक आणि मधली एकच भलतीच खाली असेल, किंवा एका पट्टीच्या तीन तारांतली एक बाकी दोघींना सोडून गेलेली असेल, तर त्या तारेची खुंटी सुटतेय. अशा पट्ट्यांवर खडूची खूण करा. दोन-चार खुणा झाल्या तर इलाज आहे. एकाच भागात दहा-पंधरा झाल्या तर खुंट्या ज्यात रुतलेल्या असतात तो लाकडी ठोकळा, पिनब्लॉक, फुटलेला किंवा वाळलेला असण्याची शक्यता मोठी.

खुंट्या

खुंट्यांच्या मुळाशी टॉर्च धरा. भोवती काळपट तेलकट डाग दिसला तर पकड वाढवण्यासाठी कुणीतरी द्रव ओतलेला आहे. अशा ठोकळ्यावर नंतरचा उपचार नीट लागत नाही. काही खुंट्यांचे वेटोळे चौकटीला टेकले असतील तर त्या आधीच ठोकून आत घातल्यात, पुढे ठोकायला जागा उरलेली नाही. काही खुंट्या बाकीच्यांपेक्षा जाड दिसल्या तर मोठ्या मापाच्या बदललेल्या आहेत. ते चांगलं काम आहे, घाबरू नका.

स्वतः खुंट्या फिरवून पाहू नका. नेमका आकडा हवा असेल तर सूर लावणाऱ्या कारागिराला टॉर्क मोजायला सांगा. नव्या पियानोत खुंटी फिरवायला साधारण १२ न्यूटन-मीटर जोर लागतो. ५-६च्या खाली गेलेल्या खुंट्या सूर धरतील असं समजू नये. थोड्या सैल खुंट्यांना पातळ सुपरग्लूचा उपचार किंवा एक माप जाड खुंटी चालते. ठोकळा फुटला असेल तर तो बदलावा लागतो, आणि सामान्य कंपनीच्या अपराइटसाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नसतो.

घोडी, साउंडबोर्ड, तारा

सतारीला असते तशीच इथेही घोडी असते, तारांचं कंपन साउंडबोर्डला पोहोचवणारी. खालची फळी काढली की उजव्या कोपऱ्यात खर्जाची घोडी दिसते. जुन्या अपराइटमध्ये सर्वांत आधी हीच फाटते. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने, लाकडाला घासून जाईल असा तिरपा प्रकाश टाका. प्रत्येक तारेसाठी दोन पिना असतात. एका पिनेपासून दुसरीपर्यंत केसासारखी काळी रेघ गेली आहे का, पिना तारेच्या ओढीने कलल्या आहेत का, हे एकेक पिन पाहत जा. सुट्या रेघा वार्निशमधल्या असू शकतात. पिना वाकून रेघ रुंदावलेली असेल तर घोडी खरंच फाटली आहे. कानाला ते असं कळतं की तिथला सूर डुलतो, झणझणतो आणि कितीही जुळवला तरी शुद्ध वाटत नाही. फाटलेली खर्जाची घोडी नवी करता येते, पण तारा उतरवाव्या लागतात.

साउंडबोर्डला तडा असला की लोक पियानो सोडून देतात. ही भीती अनाठायी आहे. तडा शांत असेल तर तो आवाजाचं फारसं बिघडवत नाही. पाठीमागून मुठीने हलके ठोकून पाहा. फटफट किंवा झणझण आली तर फळी मागच्या आडव्या पट्ट्यांपासून, म्हणजे बरगड्यांपासून सुटलेली आहे. जिथे शंका येईल तिथे बरगडी आणि फळीच्या मध्ये जाड कागद सरकतो का पाहा. सरकला तर ती जागा पुन्हा चिकटवावी लागेल. एवढी सुटी जागा जोरकस वाजवताना मंचावर नक्की खरखरते.

तारांवर फिकट, तपकिरी गंज असेल तर चालतो. गंजाचे खवले सुटत असतील, विशेषतः खुंटीच्या वेटोळ्यापाशी, तर सूर चढवताना तारा तुटतील. खर्जाच्या तारांभोवतीचं तांब्याचं वेटोळं हिरवट आणि सूर ठोकळ्यासारखा बद्द येत असेल तर खर्जाचा संच नवा करणं हाच उपाय. त्याने जुन्या पियानोचा आवाज जेवढा उजळतो तेवढा दुसऱ्या कशानेही नाही. एकूण तारा २२० ते २३०च्या घरात असतात. एखाददुसरी नाहीशी असेल तर काळजी नाही.

ॲक्शन आणि पट्ट्या

इथपर्यंत पियानो पास झाला तर पुढचं बहुतेक दुरुस्त होणारं आहे. तरी कार्यक्रमासाठी खरी कसोटी इथेच लागते.

मेट्रोनोम १००वर ठेवा आणि एकाच पट्टीवर दोन-तीन बोटं आळीपाळीने फिरवत एका ठोक्यात चार वेळा वाजवा. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसहा. चांगल्या स्थितीतला अपराइट एवढं देतो, आडव्या तारांचा ग्रँड पियानो याहून बराच जास्त देतो. मधल्या चार सप्तकांत प्रत्येक पट्टी अशी तपासा. जी गळते तिच्याजवळ थांबा. पट्टी खालीच राहत असेल तर तिला बाजूला हलवा. सुटली तर अडचण पट्टीच्या फेल्टमध्ये किंवा पिनेत आहे. पट्टी वर आली पण हातोडी तारेजवळ रेंगाळली तर तिच्या सांध्यातली पिन घट्ट झाली आहे. दमट हवेत फेल्ट फुगून हे होतं. एकाच फटक्यात दोनदा आवाज आला तर नियमन, म्हणजे ॲक्शनच्या भागांमधल्या अंतरांची जुळणी, बिघडलं आहे. परतीच्या स्प्रिंगची दोरी किंवा हातोडीला मागे ओढणारी छोटी चामडी-कापडी फीत तुटली असेल तरीही वेग मरतो. अशा फिती स्वस्तात सगळ्या बदलता येतात, पण ८८ आहेत, म्हणून एक दिवस धरा.

हातोड्यांच्या टोकावर तारांच्या खुणा असतात, तीन समांतर रेघा. त्या मिलिमीटरभर खोल असतील तर ठीक. दोन मिलिमीटरपुढे गेल्या आणि टोक चपटं झालं असेल तर फेल्ट घासून पुन्हा लंबगोल करावं लागतं. वरच्या सप्तकात फेल्ट झिजून लाकूड दिसत असेल तर घासायला काही उरलेलं नाही, हातोड्या नव्या लागतील. हलक्या हाताने वाजवलं तरी आवाज टोचत असेल तर फेल्ट कडक झालंय, कारागीर सुयांनी ते मोकळं करतो.

नियमनाची तीन मापं लक्षात ठेवा: हातोडीचं तारेपासून अंतर सुमारे ४५ मिलिमीटर, पट्टी दाबली की खाली जाते ते सुमारे १०, आणि पट्टी अगदी हळू दाबताना हातोडी तारेपासून ज्या अंतरावर सुटून मागे येते ते सुमारे ३. शेवटचं अंतर पाच-सहा झालं की हलका स्वर वाजतच नाही, आणि नाजूक जागी तेच सर्वांत जास्त जाणवतं. पट्टी डावी-उजवीकडे खडखडत असेल तर पिनेभोवतीची फेल्टची बुशिंग (अस्तर) बदलायची. सांध्यात किंवा पिनांवर तेल घालू नका. ते फेल्टमध्ये मुरतं आणि काही महिन्यांत सगळं चिकट होतं.

पेडल. उजवं दाबून सगळे डॅम्पर एकदम उठतात आणि सोडल्यावर एकदम बसतात का पाहा. सर्वांत वरच्या साधारण दीड सप्तकाला डॅम्पर नसतातच, तो दोष नाही. डावं पेडल हातोड्यांची पट्टी तारांजवळ आणतं. दाबताना करकरलं तर शांत सभागृहात मागच्या रांगेलाही ऐकू येईल, म्हणून ते आजच नोंदवा.

कार्यक्रमाच्या आधीचं काम

बासरी, क्लॅरिनेट किंवा व्हायोलिनसोबत वाजवायचं असेल तर ४४० अनिवार्य. फुंकून वाजवायची वाद्यं अर्धा स्वर खाली येत नाहीत. गायकाच्या साथीला, किंवा सूर हलवता येणाऱ्या कीबोर्डसोबत, पियानो नेमका अर्धा स्वर खाली ठेवून वाजवणं शक्य असतं. अशा वेळी जुन्या तारांवर जबरदस्ती करू नका.

सूर चढवायचा असेल तर पहिली जुळणी कार्यक्रमाच्या दीड-दोन महिने आधी, दुसरी दोन-तीन आठवड्यांनी, आणि शेवटची कार्यक्रमाच्या दिवशी. पहिल्या जुळणीनंतर दोन आठवड्यांत कुठल्या पट्ट्या सर्वांत आधी सुटल्या, याची नोंद ठेवा. खुंट्यांबद्दल याहून खरी माहिती कुठेच मिळणार नाही. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहील असं पाहा. पियानो दुसऱ्या इमारतीत हलवला तर शेवटच्या जुळणीआधी निदान आठवडाभर त्याला तिथे राहू द्या.

हलवताना चाकांवर विश्वास ठेवू नका. जुनी लोखंडी चाकं मंचाच्या फटीत अडकतात आणि दोनशे-अडीचशे किलोचा पियानो कलतो. त्याला ट्रॉलीवर घ्या, चार माणसं लावा.

अपराइटचा आवाज पाठीतून निघतो. म्हणून पाठ भिंतीला टेकवून ठेवू नका. ती श्रोत्यांकडे तिरपी राहील असा वळवा, वादकाला साथीदार दिसतील एवढा कोन ठेवा, आणि वरचं झाकण उघडं राहू द्या. मायक्रोफोन लावायचा असेल तर पाठीमागे, साउंडबोर्डपासून हातभर अंतरावर लावून पाहा. खर्ज जास्त येत असेल तर त्याला वरच्या पट्ट्यांच्या बाजूला सरकवा. दिवे लावून अर्धा तास झाल्यावरच शेवटचा सूर लावा. दिव्यांच्या उष्णतेने तारा तापतात आणि सूर खाली येतो, आणि थंड मंचावर लावलेला सूर पडदा उघडेपर्यंत बदललेला असतो.